रोहिणखेडची तिसरी लढाई

आमच्या रोहिणखेडला आजपर्यंत दोन मोठ्या लढाया झाल्या. पहिली १४३७ साली. खानदेशचा नासीर खान वऱ्हाडात घुसला आणि बहामनी सुलतानाचा सरदार खलफ हसन याने त्याला आमच्या गावाशी गाठून झोडपले. दुसरी १५९० च्या सुमारास. बुऱ्हाणला निजामशाहीची गादी मिळवून देण्यासाठी खानदेशच्या राजा अली खानाने जमाल खानाचा इथेच निकाल लावला. दोन्ही लढाया इथेच का झाल्या, याचे उत्तर इतिहासकारांनी काय द्यायचे ते द्यावे. माझे उत्तर सोपे आहे. अजिंठ्याचा डोंगर उतरला की पायथ्याशी आमचे गाव लागते. वरून जो भरधाव येतो त्याला इथे थांबावेच लागते, आणि ज्याला वेळेवर थांबता येत नाही तो हरतो.

तिसरी लढाई गेल्या मे महिन्यात आमच्या अंगणात झाली. तिची नोंद कुठल्याही गॅझेटियरमध्ये होण्याचा संभव नसल्यामुळे ती मीच करून ठेवतो. ही लढाई टायरवरून झाली.

माझा पुतण्या पुण्याला हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत असतो. त्याने नुकतीच एक स्पोर्ट्स कार घेतली. जुनी, जर्मन, लाल रंगाची, दोन दारांची आणि दोनच माणसांची. पुढे दोघे बसले की मोटार भरली! सुट्टीत ती घेऊन तो गावी आला तेव्हा ती आधी ऐकू आली आणि बऱ्याच वेळाने दिसली, कारण मधल्या खड्ड्यांतून तो तिला हाताला धरून चालवावे तशी आणत होता. शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी मोटारीला एक प्रदक्षिणा घातली, आत वाकून पाहिले आणि विचारले, "एवढे पैसे देऊन मांगचं शीट नाही देल्लं का रे त्यानं?"

पुतण्याने उत्तर दिले नाही. त्याचे सगळे लक्ष चाकांकडे होते. टायर झिजले होते आणि नवे घ्यायचे होते. त्यासाठी त्याने एक तक्ता केला होता. आडव्या ओळींत फ्रेंच, जर्मन, इटालियन, जपानी असे टायर, आणि उभ्या रकान्यांत कोरड्या रस्त्यावरची पकड, ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज, आयुष्य आणि किंमत. मी लग्नाच्या वेळीसुद्धा इतके रकाने आखले नव्हते. (आमच्या हिने आखले होते, असे मला पुढे कळले.)

"काका, तुम्ही हिशोबातले माणूस," तो म्हणाला. "जरा नजर टाका. मी विचार करतोय, सतराच्या जागी अठरा इंची रिम बसवावी आणि टायरही थोडा रुंद घ्यावा. परफॉर्मन्स वाढतो."

परफॉर्मन्स हा शब्द आमच्या बँकेत वर्षातून एकदा, साहेबांनी गोपनीय अहवाल भरायच्या वेळी उच्चारला जातो आणि त्या आठवड्यात शाखेत कोणी सुट्टी घेत नाही. तेव्हा तो शब्द ऐकताच माझ्यातला कारकून जागा झाला. मी चष्मा पुसला आणि मोटारीच्या चाकापाशी उकिडवा बसलो.

वाचकहो, तुम्ही कधी टायर वाचला आहे का? आपल्याकडे लोक रिकाम्या वेळी चण्याच्या पुडीचा कागदही वाचतात, पण टायर वाचत नाहीत. त्या टायरवर लिहिले होते २२५/४५ आर १७, आणि पुढे ९१ डब्ल्यू. २२५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ हे मात्र मिलिमीटर नव्हेत, टक्के! टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, ते. टक्के दिसले की कॉमर्सच्या पदवीधराला आपोआप शहाणपण येते. २२५ चे ४५ टक्के म्हणजे एकशे एक पूर्णांक पंचवीस शतांश मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियस असे आमच्या बँकेतले निम्मे लोक शपथेवर सांगतील; तो आहे रेडियल, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे घातलेला. १७ हा रिमचा व्यास, इंचात. (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि व्यास इंचात! असा ताळेबंद मी साहेबांपुढे ठेवला असता तर माझी बदली झाली असती.) ९१ हा वजनाचा आकडा, म्हणजे एका टायरवर ६१५ किलोपर्यंत भार. आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत वेग.

"ताशी दोनशे सत्तर," मी म्हणालो. "राजूरचा घाट किती वेगाने उतरलास?"

"वीस," तो म्हणाला.

मग मी उठलो आणि आमच्या जुन्या लहान मोटारीचा टायर वाचला. १४५/८० आर १२. १४५ चे ८० टक्के, ११६ मिलिमीटर. म्हणजे पहा, पुतण्याच्या राजेशाही मोटारीचे चाक आणि खड्डा यांच्यामध्ये रबराची भिंत १०१ मिलिमीटरची, आणि आमच्या गरिबाच्या मोटारीला ११६ ची! आणि आता हा गृहस्थ अठरा इंची रिमवर २३५/४० चढवून ती भिंत ९४ वर आणायला निघाला होता, तेही वर पैसे मोजून. पगार देऊन पगारकपात करून घेणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो.

माझा पहिला आक्षेप इथे आहे आणि तो माझ्या पुतण्यापुरता नाही. मोटारीला मोठी रिम आणि चपटा टायर बसवून हिंडणाऱ्या तमाम तरुणवर्गावर तो आहे. टायरची ती बाजूची भिंत म्हणजे नुसती शोभा नव्हे. खड्डा आला की ती दबते आणि आतली हवा धक्का झेलते. भिंत बुटकी केलीत की खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये बिचारा टायर अडकित्त्यातल्या सुपारीसारखा सापडतो. सुपारी फुटते किंवा अडकित्ता वाकतो. म्हणजे टायर फाटतो नाहीतर रिम जाते, आणि बहुधा दोन्ही.

आता न्यायाने बोलायचे तर चांगल्या परफॉर्मन्स टायरमध्ये गुण असतात, आणि पुतण्याने ते मला पटवून दिले. त्याचे रबर मऊ असते, म्हणून ते रस्त्याला चिकटते. भिंत ताठ असते, म्हणून सुकाणू फिरवले की चाक 'हो, बघतो' न म्हणता ताबडतोब वळते. ब्रेक दाबल्यावर मोटार लवकर उभी राहते. पण मऊ रबर लवकर झिजते, हा त्याच जमाखर्चातला खर्चाचा भाग. जास्त व्याज आणि जास्त सुरक्षितता एकाच ठेवीत मिळत नाही, हे आम्ही काउंटरवर रोज सांगतो. टायरचेही तसेच आहे. एका गुणाची रक्कम दुसऱ्या गुणाच्या खात्यातून वळती होते.

"पण काका, हे समर टायर आहेत," पुतण्याने पुढचे शस्त्र काढले. "आपल्या हवेला अगदी योग्य."

मी चौकशी केली. युरोपात सुमारे सात अंशांच्या खाली थंडी गेली की रबर कडक होते, म्हणून तिकडे हिवाळी टायर वेगळे आणि उन्हाळी वेगळे. म्हणजे सात अंशांच्या वर पारा गेला की त्यांचा उन्हाळा सुरू! आमच्या बुलढाण्याला पारा बारावर आला की माणसे कानटोपीतून फक्त नाक बाहेर ठेवतात. त्यांचा उन्हाळा हा आपला कडक हिवाळा आहे. आपल्याला पाहिजे आहे पावसाळी टायर. खाचा खोल असलेला, पाणी झटपट बाहेर फेकणारा. कारण रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते, आणि ते सारता आले नाही तर तो पाण्यावर तरंगतो. तरंगणाऱ्या मोटारीला ब्रेकही नसतो आणि सुकाणूही नसते. आणि आमच्याकडे नुसते पाणी नसते. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती डांबरावर सांडत जातो, वर पावसाची एक सर येते आणि रस्ता लोणी लावल्यासारखा होतो. त्या लोण्यावरची पकड जर्मन माणसाने मोजलेली नाही. त्या तक्त्यात रोहिणखेडचा रकानाच नव्हता!

माझे म्हणणे एवढेच की टायर मोटारीकडे पाहून निवडायचा नसतो, रस्त्याकडे पाहून निवडायचा असतो. आमच्या आजोबांना हे कोणी शिकवावे लागले नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची तर ते लोहाराच्या आगटीपाशी स्वतः जाऊन बसत. धाव तापून लाल व्हायची, फुगायची, चाकावर चढवली जायची आणि पाणी ओतताच आवळून बसायची. ती ढिली बसली आहे की घट्ट, हे आजोबा चाकावर टिचकी मारून ऐकत. बैल त्यांनी कधी शिंगांच्या डौलावर घेतले असतील, पण धाव कधी चकाकीवर घेतली नाही. कारण कापसाच्या बोंदऱ्यांसकट सगळा संसार त्या धावेवरून घाट उतरणार होता.

आणि मोटारीचे तरी काय वेगळे आहे? एक टायर रस्त्याला टेकतो किती? साधारण आपल्या तळहाताएवढा. चार टायर, चार तळहात. इंजिन किती घोड्यांचे, ब्रेक कुठल्या जातीचे, हवेच्या पिशव्या किती, हे सगळे शेवटी त्या चार तळहातांच्या स्वाधीन. मी वीस वर्षे कर्जाचे कागद हाताळतो आहे. दोन लाखांच्या कर्जाला आम्ही सातबारा मागतो, दोन जामीनदार मागतो, जामीनदारांचे फोटो मागतो. आणि तोच कर्जदार बाहेर जाऊन बायको, पोरे आणि म्हातारी आई या सगळ्यांना चार तळहातांवर तारण ठेवून ताशी शंभरने निघतो, तेव्हा त्या तारणाची तपासणी कोण करतो? मोटारकर्जाच्या अर्जात मी गाणी वाजवण्याच्या यंत्राचे कोटेशन पाहिले आहे, सीटकव्हरचे पाहिले आहे. टायरबद्दल एक प्रश्न विचारलेला मी पाहिला नाही.

आपली भाषाच बघा ना. अपघात झाला की आपण म्हणतो, 'टायर फुटला.' कर्ता टायर! 'मी तो फुटेपर्यंत चालवला,' असे वाक्य मराठीत व्याकरणाला धरून असले तरी कोणी बोललेले मी ऐकलेले नाही. आमच्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ माणसे गेली. त्या दिवशी पहिली बातमी हीच आली होती, की टायर फुटला. पुढे परिवहन खात्याच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा नसल्याचे आले. तो दिवस आमच्या जिल्ह्यात कोणी विसरलेला नाही आणि त्याच्यावर मी विनोद करणार नाही. एवढेच म्हणतो, की आपण आधी टायरची पर्वा करत नाही आणि मग सगळे त्याच्या माथी मारतो. त्याला बिचाऱ्याला तोंड नाही.

हे भाषण मी ओट्यावर उभा राहून केले. समोर पुतण्या, आमची ही, माझी मुलगी, शेजारच्या आजी आणि लाल मोटार पाहायला जमलेली सात-आठ पोरे होती. भाषण संपल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. खलफ हसनलासुद्धा इतके समाधान वाटले नसेल.

पुतण्या शांतपणे उठला आणि आमच्या मोटारीपाशी जाऊन बसला.

"काका, हे टायर कधीचे?"

"नवेच आहेत की! खाचा बघ!"

खाचा खरोखरच झकास होत्या. मी बँकेत एस.टी.ने जातो, मोटार निघते ती लग्नाला, दवाखान्याला आणि दिवाळीला. मोटारीच्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की तो बाद, आणि तेवढ्याच उंचीचे बारीक उंचवटे खूण म्हणून खाचांच्या तळाशीच असतात, हेही मला माहीत होते. आमच्या खाचा त्या खुणेपासून कोसभर दूर होत्या. पण पुतण्याने बोट ठेवले ते खाचेवर नव्हे. टायरच्या बाजूला एका लंबगोल चौकटीत चार आकडे होते: ०९१४.

"पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे," तो म्हणाला. "२०१४ सालचा नववा आठवडा. काका, हा टायर दहा वर्षांच्या वरचा झाला. रबर नुसतं झिजून मरत नाही, वयानेही मरतं. पाच वर्षं झाली की दरवर्षी तपासून घ्या आणि दहा झाली की खाचा कितीही असोत, काढून टाका, असं टायर बनवणारेच सांगतात. हे बघा."

त्याने टायर अंगठ्याने दाबला. बाजूच्या भिंतीवर पाऊस न आलेल्या शेतासारख्या बारीक भेगा उघडल्या.

मी पंक्चरवाल्या चाचांना बोलावले. मला वाटले, गावचा माणूस गावच्या बाजूने बोलेल. चाचांनी नख रुतवून पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, "भाऊ, हे रबर नाही राह्यलं आता. हे लाकूड झालं."

"आणि हवा?" पुतण्याने विचारले.

चाचांनी मापून सांगितले. असायला हवी त्यापेक्षा बरीच कमी होती. मी हवा कशी भरतो? पंपावर जातो आणि 'तीस टाका' म्हणतो, तेही आठवण झाली तर. मोटारीला किती हवी, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत छापलेले असते आणि टायर थंड असताना ती मोजायची असते, हे मला त्या दिवशी कळले. त्या दाराने मी कितीतरी वर्षे आत-बाहेर करतो आहे. (नायट्रोजन भरला की सगळे दोष जातात असे मानणारा एक पंथ आहे. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन देव फुकट घालतो. उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी भांडण्यापेक्षा महिन्यातून एकदा माप घेतलेले बरे, असे माझे आता मत झाले आहे.)

"हवा कमी असली," पुतण्या सांगत होता, "की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो. वाकला की तापतो. इथे गावात काही होणार नाही. पण मे महिन्यात, सिमेंटच्या रस्त्यावर, तासन् तास एकाच वेगाने..."

तो थांबला. कारण पुढच्या सोमवारी मुलीची परीक्षा नागपूरला होती आणि रविवारी पहाटे मीच तिला मेहकरहून समृद्धीने घेऊन जाणार होतो. तिथे मोटारींना ताशी १२० ची परवानगी आहे. मी तिला कौतुकाने सांगूनही ठेवले होते, 'बघ, आपली म्हातारी कशी शंभरने पळते ते!'

ओट्यावर कोणी काही बोलेना. मुलगी टायरकडे पाहत होती, आणि आमची ही माझ्याकडे पाहत होती. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तपासणीतून एकही खोटे तारण सुटलेले नाही, असा माझा लौकिक आहे. आणि स्वतःच्या घरातले हे तारण मी कधी उलटूनही पाहिले नव्हते. चपटे टायर लावणाऱ्या पोरांवर मी इतका वेळ तोंडसुख घेतले. पण ती पोरे निदान टायरकडे बघतात तरी! 'चालतंय की अजून' म्हणणारा आमचा मध्यमवर्ग त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. आणि त्या पंथाचा अध्यक्ष ओट्यावर उभा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एस.टी.ने मलकापूरला गेलो. दुकानदाराने पुढे केलेला पहिला संच मी तारीख वाचून परत केला. तो दोन वर्षे दुकानातच मुरला होता. दुसरा ताजा निघाला. चार टायर आणि पाचवा स्टेपनीला. स्टेपनी कशाला, असे मी विचारणार होतो. पण तीही ०९१४ च होती. तिचे आयुष्य तर अंधारात बसूनच संपले होते. आमच्या हिने नव्या कपाटासाठी साठवलेले पैसे न बोलता काढून दिले. ते न बोलणे मला किमतीपेक्षा महाग पडले.

पुतण्यानेही तिथेच आपला निर्णय घेतला. अठरा इंची बेत रद्द. मोटारीच्या कंपनीने ठरवलेलेच माप, आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीच्या रकान्याला दुप्पट गुण देऊन जो पहिला येईल तो टायर पुण्याला जाऊन घ्यायचा. येताना एस.टी.त तो म्हणाला, "काका, एक कळलं. इतके दिवस मला वाटत होतं की मी पळायला पैसे देतोय. हे पैसे थांबायला द्यायचे असतात." राजा अली खानाच्या वेळेपासून आमचे गाव हेच सांगत आले आहे. पण तहाच्या बोलण्यात जुनी भांडणे काढू नयेत, म्हणून मी गप्प बसलो.

राहता राहिले जुने टायर. खाचा इतक्या झकास, की बाजारात एक गिऱ्हाईक लगेच पुढे आले. पाचांचे मिळून बरे पैसे देतो म्हणाले. माझा हात हिशोबाला सरसावलाही होता. कपाटाच्या पैशांतला काही भाग भरून निघाला असता. मग मनात आले, हे टायर पुढे कोणाच्या मोटारीला लागतील? कोणाची मुलगी मागच्या सीटवर पुस्तक वाचत बसलेली असेल? मी चाचांना करवत आणायला सांगितली आणि पाचही टायर आडवे कापून घेतले. एक रुपया हाती आला नाही, उलट चाचांची मजुरी वर गेली. कॉमर्सच्या पदवीधराने जाणूनबुजून लिहिलेले हे पहिलेच बुडीत खाते.

मुलगी परीक्षेला वेळेवर पोहोचली. मी सबंध रस्ता ऐंशीने गेलो.

कापलेल्या टायरांच्या अर्ध्या चकत्या आता शेजारच्या आजींच्या गोठ्यापुढे पालथ्या-उताण्या पडल्या आहेत. त्यांत शेळ्यांना पाणी असते. परवा आजी म्हणाल्या, "गळत नाही हं, चांगला टिकाऊ हाये." मी वाकून पाहिले. काठावर ०९१४ स्पष्ट दिसत होते आणि एक शेळी त्या आकड्यांवरूनच पाणी पीत होती. तिला मी काही सांगितले नाही. ती ताशी चारच्या वर जात नाही.